आधी पाय, मग डोकं

मेंदू वाढला, अक्कल आली आणि मग माणूस ताठ उभा राहिला, असा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. हाडांची साक्ष बरोबर उलटी आहे. आपले पूर्वज दोन पायांवर चालू लागले तेव्हा त्यांचा मेंदू चिंपांझीपेक्षा फारसा मोठा नव्हता. तो वाढायला पुढे लाखो वर्षं जावी लागली. हे कळलं ते कवटीच्या तळाच्या एका भोकावरून, मांडीच्या हाडाच्या तिरकेपणावरून, पायाच्या अंगठ्यावरून आणि दाढांवरून. या हाडांच्या दुनियेतल्या काही भन्नाट गोष्टी पुढे वाचा.

कवटी हातात आली? आधी उलटी करा

जाणकार कवटीचा चेहरा बघत बसत नाहीत, ती उलटी करतात. तळाशी एक मोठं भोक असतं. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू त्यातून कण्यात उतरतो. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याचं डोकं कण्याच्या पुढे असतं, त्यामुळे हे भोक कवटीच्या मागच्या अंगाला सापडतं. कुत्र्याचं तसंच, चिंपांझीचंही बरंच मागे. आपलं डोकं कण्याच्या टोकावर तोललेलं, म्हणून आपलं भोक तळाच्या मध्याजवळ. कवटीचा एवढा तुकडा जरी मिळाला तरी तिचा मालक कसा चालत असेल याचा पहिला अंदाज बांधता येतो.

१९२४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंगच्या चुनखडीच्या खाणीतून खोकी आली, ती जोहान्सबर्गचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांच्या घरी. त्या दिवशी घरात एका मित्राचं लग्न होतं. डार्ट नटूनथटून तयार होते, पण खोकं उघडल्याशिवाय त्यांना राहवेना. आत मेंदूच्या आकाराचा दगड निघाला. कवटीत गाळ भरून त्याचाच दगड झाला होता, त्यामुळे मेंदूच्या वळ्यासुद्धा त्यावर उमटल्या होत्या. चेहरा दुसऱ्या दगडात रुतलेला होता. तो मोकळा करायला डार्ट यांनी बायकोच्या विणकामाच्या सुया वापरल्या आणि कित्येक आठवडे कोरत बसले. बाहेर आला तो एका लहान मुलाचा चेहरा. दुधाचे दात जागच्या जागी, पहिली कायमची दाढ नुकतीच फुटलेली. मेंदू वानराएवढा, सुळे मात्र छोटे, आणि भोक पुढे सरकलेलं.

डार्ट यांनी त्याला ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस हे नाव दिलं आणि फेब्रुवारी १९२५ मध्ये जगाला सांगितलं की हा दोन पायांवर चालत होता. माणसाच्या मुलाला पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, म्हणून हे मूल सहा वर्षांचं धरलं गेलं. पुढे दातांच्या वाढीच्या रेषा तपासल्या तेव्हा वय तीन ते चार वर्षं निघालं. ही मुलं आपल्यापेक्षा झपाट्यानं वाढत होती. आपल्याइतकं लांबलचक बालपण त्यांच्या नशिबी नव्हतं.

आणखी एक उलगडा व्हायला आठ दशकं गेली. ताउंगच्या मुलाच्या डोळ्यांच्या खोबणीत बारीक छिद्रं आणि ओरखडे आहेत. मोठे शिकारी गरुड माकडांची पिल्लं खातात तेव्हा त्यांच्या कवट्यांवर अगदी अशाच खुणा राहतात. २००६ मध्ये संशोधक ली बर्गर यांनी हे जुळवून दाखवलं. त्या मुलाला बहुधा गरुडानं उचललं होतं.

हवं होतं तेच सापडलं

लंडनच्या मोठ्या जाणकारांनी डार्ट यांच्या शोधाला नाकं मुरडली. त्यांच्याकडे आधीच 'खरा पूर्वज' होता. इंग्लंडमधल्या पिल्टडाउन इथे मिळालेली कवटी १९१२ मध्ये जाहीर झाली होती. डोक्याचा भाग माणसासारखा मोठा आणि जबडा वानराचा. म्हणजे मेंदू आधी आणि बाकीचं नंतर, आणि तेही इंग्लंडच्या भूमीवर. सगळ्यांना हवं होतं नेमकं तेच.

तो सरळसरळ बनाव होता. माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडला होता. दात कानशीनं घासले होते आणि जुनेपणाचा रंग चढावा म्हणून हाडांना डाग दिले होते. जबड्याचं जे टोक कवटीत बसतं ते मोडून टाकलेलं होतं. दोन्हींचा सांधा जुळत नाही हे कळूच नये, अशी ती सोय! हाडांनी जमिनीतून किती फ्लोरिन शोषलं हे मोजण्याची चाचणी आली तेव्हा कवटी फार जुनी नाही हे उघड झालं आणि १९५३ मध्ये बनाव जाहीर झाला. एक्केचाळीस वर्षं हा तोतया ठाण मांडून बसला आणि ताउंगचं खरं मूल बरीच वर्षं दाराबाहेर उभं राहिलं. या क्षेत्रातली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट हीच आहे. मेंदूचा अभिमान जाणकारांनाही आंधळं करून गेला.

ल्युसीचा गुडघा

उभं राहून एक पाय उचला. पडला नाहीत ना? त्याचं श्रेय मांडीच्या हाडाला द्या. आपलं हे हाड कमरेपासून गुडघ्याकडे आत तिरकं येतं, त्यामुळे पावलं शरीराच्या मधल्या रेषेजवळ पडतात आणि एका पायावरही तोल राहतो. चिंपांझीचं मांडीचं हाड सरळ खाली येतं. म्हणून तो दोन पायांवर चालला की डावी-उजवीकडे झुलत चालतो.

१९७३ मध्ये इथिओपियातल्या हदार इथे डोनाल्ड जोहान्सन यांना एक गुडघा मिळाला. तिरका! पुढच्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९७४ रोजी, त्याच भागात जवळजवळ ४० टक्के सांगाडा हाती लागला. त्या रात्री तळावर बीटल्सचं एक गाणं पुन्हा पुन्हा वाजत होतं, त्यातलंच ल्युसी हे नाव सांगाड्याला मिळालं. वय सुमारे ३२ लाख वर्षं, उंची जेमतेम साडेतीन फूट. एवढीशी असूनही ती बाळ नव्हती, कारण तिच्या अक्कलदाढा आलेल्या होत्या. कमरेचं हाड आपल्यासारखं बुटकं आणि रुंद. चिंपांझीचं उंच आणि अरुंद असतं. मेंदू मात्र चिंपांझीच्या जवळपास. म्हणजे डार्ट यांचं म्हणणं कमरेनं आणि गुडघ्यानं पुन्हा एकदा खरं करून दाखवलं.

पावलं तर उमटलेलीच आहेत

टांझानियात लाएटोली इथे ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर पाऊस पडला आणि त्या ओल्या राखेवरून कोणीतरी चालत गेलं. ३६ लाख वर्षांहूनही जुनी ही पावलं १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या चमूनं उघडी केली. टाच आधी टेकलेली आणि अंगठा बाकी बोटांच्या रांगेत. आपण भिजल्या वाळूवर सोडतो तसेच ठसे.

अंगठा इतका महत्त्वाचा का? फांदी धरणाऱ्या वानराच्या पायाचा अंगठा बाजूला फाकलेला असतो. इथिओपियातच सापडलेली ४४ लाख वर्षांपूर्वीची 'आर्डी' इथे मोठी गंमत करते. तिची कंबर जमिनीवर उभं चालण्याला साथ देते, आणि पायाचा अंगठा झाडाची फांदी सोडायला तयार नाही. एकाच देहात दोन जीवनपद्धती! मधला टप्पा कसा असेल हे आधी कोणाला सुचलंच नव्हतं.

दाढा मोठ्या, डोक्यावर तुरा

दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवा आणि काहीतरी चावल्यासारखं करा. तिथे जे हलतं तो चावण्याचा स्नायू. तो गालाच्या हाडाच्या कमानीखालून वर येऊन कवटीच्या बाजूला चिकटतो. आता हा स्नायू इतका दांडगा झाला की बाजूची जागा पुरेना, तर? मग कवटीच्या मधोमध हाडाचा उभा कंगोरा तयार होतो आणि दोन्ही बाजूंचे स्नायू त्याला येऊन भिडतात. गोरिलाच्या नराला असतो तसा.

१७ जुलै १९५९ रोजी टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत मेरी लीकी यांना अशीच कवटी दिसली. नवरा लुई त्या दिवशी आजारी म्हणून तंबूत पडून होता. डोक्यावर कंगोरा, गाल पुढे आलेले, दाढा अवाढव्य आणि पुढचे दात चिमुकले. साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या या पॅरान्थ्रोपस बॉयसीला लगेच 'अडकित्त्या माणूस' असं टोपणनाव पडलं, कारण असल्या दाढांनी तो कवचाची फळं फोडत असणार असं वाटलं. दाढांवरचे सूक्ष्म ओरखडे आणि दातांतल्या कार्बनचं प्रमाण तपासल्यावर वेगळंच निघालं. कठीण कवचं फोडल्याच्या खुणा नाहीत. त्याचा आहार मुख्यतः गवत आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पतींचा. हाडावरून काय खाता *येईल* ते कळतं. काय *खाल्लं* ते दाताच्या पृष्ठभागाला विचारावं लागतं.

हा आपला थेट पूर्वज नाही. त्याची शाखा पुढे खुंटली.

रामाच्या नावाचा पूर्वज

शिवालिकच्या टेकड्यांमध्ये १९३२ साली जॉर्ज एडवर्ड लुईस या अमेरिकन संशोधकाला वरच्या जबड्याचा तुकडा सापडला. त्यानं त्याचं नाव ठेवलं रामापिथेकस. शिवापिथेकस हे नाव त्याआधीच दिलं गेलं होतं, लुईसनं सुग्रीवापिथेकस हे नावही दिलं. सुळा छोटा, दातांची ओळ माणसासारखी कमानदार, असं मानून १९६०च्या दशकात रामापिथेकसला थेट मानवाचा आद्य पूर्वज ठरवलं गेलं. पाठ्यपुस्तकांतही तो पोचला.

पण टाळूचा मधला भागच हातात नव्हता. अर्ध्या जबड्यावरून दुसरा अर्धा कल्पनेनं जोडला होता, आणि कमान त्या कल्पनेतच होती. पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर बराचसा पूर्ण चेहरा सापडला तेव्हा डोळ्यांची खोबण, नाक आणि टाळू सगळं ओरांगउटानच्या वळणाचं निघालं. रामापिथेकस शिवापिथेकसमध्ये विलीन झाला आणि आपल्या वंशावळीतून बाहेर पडला. डेव्हिड पिलबीम यांनी आधी त्याला पूर्वज म्हटलं होतं, त्यांनीच नवा पुरावा पाहून मत बदललं. हे धाडस मला त्या जबड्याहून मोलाचं वाटतं.

नडगीचा तुकडा आणि दोन दिवस

दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेर्कफोंटाइन गुहेतली हाडं खोक्यांत भरून ठेवलेली होती. १९९४ मध्ये रॉन क्लार्क यांना माकडांची म्हणून ठेवलेल्या हाडांत पायाची चार छोटी हाडं दिसली. ती मानवी वंशातली होती. पुढे आणखी शोधल्यावर त्याच पायाच्या नडगीचा मोडका तुकडा मिळाला. मोड ताजी होती. म्हणजे खाणीच्या सुरुंगानं हाड तुटलेलं, आणि उरलेला भाग अजून गुहेच्या खडकातच असणार.

१९९७ मध्ये त्यांनी त्या तुकड्याचा साचा स्टीफन मोत्सुमी आणि न्क्वाने मोलेफे या सहकाऱ्यांच्या हातात दिला. प्रचंड अंधारी गुहा, हातात दिवे आणि शोधायचंय भिंतीतलं एक तुटकं टोक. दुसऱ्याच दिवशी साचा भिंतीतल्या हाडाला बरोब्बर बसला! तिथून पुढे सिमेंटसारख्या कठीण खडकातून तो सांगाडा, 'लिटल फूट', बाहेर काढायला वीसेक वर्षं लागली. तो ९० टक्क्यांहून अधिक पूर्ण आहे. हाडं ओळखणारी नजर प्रयोगशाळेतच असते असं ज्यांना वाटतं त्यांनी ही दोन नावं पाठ करावीत.

नजरेला वयही लागत नाही. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतच मालापा इथे गळ्याखालचं हाड असलेला दगड पहिल्यांदा उचलला तो ली बर्गर यांच्या नऊ वर्षांच्या मुलानं, मॅथ्यूनं. त्यातून ऑस्ट्रेलोपिथेकस सेडिबा ही नवी जाती उजेडात आली.

दात गेले, तरी जगला

जॉर्जियातल्या दमानिसीमध्ये सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या पाच कवट्या मिळाल्या. त्यातली एक बोळक्या तोंडाच्या व्यक्तीची आहे. एक सोडून सगळे दात पडलेले, आणि दातांच्या खाचा हाडानं भरून आलेल्या. मेल्यावर दात पडले असते तर खाचा उघड्या राहिल्या असत्या. म्हणजे ही व्यक्ती दातांशिवाय बराच काळ जगली. मऊ अन्न तिनं स्वतः मिळवलं की कोणी ठेचून भरवलं, हे हाड सांगत नाही. शक्यता मात्र मनात घर करून राहते.

त्याच पाच कवट्यांनी दुसरा धडा दिला. एकाच जागच्या, एकाच काळातल्या, तरी एकमेकींपासून इतक्या वेगळ्या की वेगवेगळ्या देशांत सापडल्या असत्या तर त्यांना वेगवेगळी नावं मिळाली असती.

बिचारा निअँडरथाल

१८५६ मध्ये जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात खाणकामगारांना हाडं मिळाली. ती गुहेतल्या अस्वलाची असतील असं आधी वाटलं. मग बॉनच्या एका शरीरशास्त्रज्ञानं ती नेपोलियनच्या काळातल्या रशियन घोडेस्वाराची ठरवली. घोड्यावर बसून पाय वाकडे झाले, झालं! पुढे १९०८ मध्ये फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सँ इथे सांगाडा मिळाला आणि त्यावरून निअँडरथाल म्हणजे वाकून, गुडघे मुडपून चालणारा रानटी, अशी प्रतिमा पक्की झाली. १९५७ मध्ये फेरतपासणी झाली तेव्हा कळलं की तो म्हातारा संधिवातानं पिडलेला होता. एका आजारी माणसावरून अख्ख्या जातीला वाकडं ठरवलं गेलं होतं. निअँडरथाल आपल्यासारखेच ताठ चालत.

ओळखायचे कसे? भुवयांवर हाडाची जाड दुहेरी कमान. कपाळ मागे उतरतं. कवटी लांबुळकी, मागे अंबाड्यासारखा फुगवटा. नाक भलं मोठं. शेवटच्या दाढेमागे मोकळी जागा, म्हणजे अक्कलदाढेचा त्रास आपल्याइतका नसावा. आणि हनुवटी नाही.

हनुवटी तेवढी फक्त आपली. जबड्याच्या टोकाला पुढे आलेलं ते हाड इतर कोणत्याही मानवाला नव्हतं, आणि ते आपल्यालाच का आलं यावर अजूनही वाद चालतो. डोक्याचा गोल आकारही आपला, पण तो उशिरा आला. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदची सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची माणसं चेहऱ्यानं आपल्यासारखी होती, डोकं मात्र अजून लांबट.

मेंदूच्या आकाराचा बडेजाव निअँडरथालनीच संपवला. त्यांचा मेंदू आपल्याएवढा, काहींचा तर मोठा. उलट इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये सापडलेल्या जेमतेम साडेतीन फुटी मानवाचा मेंदू चिंपांझीएवढा होता, तरी त्याच्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली. दक्षिण आफ्रिकेचा होमो नालेडी तसाच छोट्या मेंदूचा, आणि तो जगला अवघ्या अडीच-तीन लाख वर्षांपूर्वी, म्हणजे आपले पूर्वज आफ्रिकेत असतानाच.

चेहऱ्याआधी नाव

सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत २००८ मध्ये करंगळीच्या टोकाचं हाड मिळालं. त्यावरून कोणताही जाणकार काही ओळखू शकला नसता. २०१० मध्ये डीएनएनं सांगितलं की ही एक वेगळीच मानवशाखा आहे. डेनिसोवन हे नाव मिळालं, पण चेहरा नव्हता. चीनमधल्या हार्बिनमध्ये १९३३ साली एका मजुराला मोठी कवटी सापडली होती. त्यानं ती विहिरीत लपवली आणि मरायच्या आधी घरच्यांना तिच्याबद्दल सांगितलं. २०२५ मध्ये तिच्यातली प्रथिनं आणि दातांच्या कीटणातला डीएनए तपासल्यावर ती डेनिसोवन असल्याचं जाहीर झालं. नावाला पंधरा वर्षांनी चेहरा लाभला.

आणि आपल्याकडे?

५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशात हथनोरा गावाजवळ, नर्मदेच्या काठच्या गोट्यांच्या थरात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनाकिया यांना कवटीचा वरचा भाग मिळाला. भुवयांची कमान जाड आणि हाड भक्कम, म्हणून आधी तो होमो इरेक्टस या जुन्या मानवजातीचा ठरला. मेंदूची जागा मात्र ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर अशी मोठी मोजली गेली, त्यामुळे अनेक जाणकार त्याला नंतरच्या, आपल्या जवळच्या गटात बसवतात. भारतात इतकी जुनी मानवी कवटी ही एकच.

महाराष्ट्रात त्या काळच्या माणसांची हत्यारं आहेत. प्रवरेकाठी नेवाशात आणि कुकडीकाठी बोरीत दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. गोदावरी, मांजरा, घोड यांच्या गाळात हत्ती आणि रानटी गुरांची हाडं मिळाली. जनावरांची हाडं टिकली तिथे माणसाचं हाडही टिकू शकतं. ते अजून सापडलेलं नाही एवढंच.

निअँडर, ताउंग, हार्बिन, जेबेल इरहूद, या सगळ्या जागी पहिलं हाड मजुरांच्याच हाती लागलं होतं. म्हणून एक विनंती. विहीर खणताना, वाळू काढताना किंवा नदीची दरड कोसळल्यावर दगडासारखं जड झालेलं हाड दिसलं तर ते उचलू नका, धुऊ नका, घरी नेऊ नका. आहे त्या जागी शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो घ्या, गावाची आणि थराची नोंद करा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. हाड किती जुनं आहे हे बहुतेक वेळा ते ज्या थरात पडलेलं असतं त्या थरावरूनच ठरतं. जागेवरून हललेलं हाड आपलं निम्मं म्हणणं तिथेच सोडून येतं.